शेंग आणि बी : अंगावर घालता येणारा दागिना सामावणारे धातुशिल्प कसे घडवावे

दागिना आणि शिल्प एकाच कृतीत आणायचे ठरवले की बहुतेकांचा हात आधी दागिन्याकडे वळतो, आणि तो पूर्ण झाला की त्याला शोभेल असा धातूचा आधार तयार केला जातो. असा आधार कितीही देखणा झाला तरी तो दागिना टांगून ठेवण्याची घोडीच राहतो. कसोटी साधी आहे. दागिना काढून घ्यावा आणि जे उरले त्याकडे चार पावले मागे जाऊन पाहावे. उरलेली वस्तू मोडलेली किंवा कुणाची तरी वाट पाहत थांबलेली वाटली, तर रचना फसली असे समजावे. म्हणून दागिना अंगावर गेल्यावर शिल्पात जी पोकळी मागे राहते तिचा आकार सर्वांत आधी ठरवावा, आणि दागिना व शिल्प ही दोन्ही त्या पोकळीभोवती घडवावीत, असे माझे ठाम मत आहे. पुढचे सगळे टप्पे याच क्रमाने मांडले आहेत.

या वाटेवर पूर्वी चालून गेलेल्यांचे काम पाहिले की ही गोष्ट लगेच पटते. ब्रिटिश दागिनेकार वेंडी रॅमशॉ (१९३९–२०१८) यांनी एकाच बोटात एकत्र घालायच्या अंगठ्यांचे संच घडवले आणि प्रत्येक संचासाठी लेथवर कातलेला उभा स्तंभ केला. स्तंभावर चढवलेल्या अंगठ्या हे एक छोटे मनोरेच दिसतात, आणि अंगठ्या काढल्या तरी स्तंभाची कातीव रेषा स्वतःच्या बळावर उभी राहते. अलेक्झांडर काल्डर (१८९८–१९७६) यांनी हलत्या शिल्पांबरोबर सुमारे १८०० दागिने केले. त्यांतले बरेचसे तार ठोकून, वळवून आणि रिबीट (दोन्ही टोके ठोकून बसवलेली खीळ) मारून जोडलेले आहेत, डाखाचा (दुसरा धातू वितळवून दिलेल्या जोडाचा) वापर फारच कमी आहे. त्यांच्या शिल्पांत आणि दागिन्यांत तारेची बोली एकच आहे, आणि आपल्याला नेमके तेच साधायचे आहे.

एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवून

सगळा लेख एकाच उदाहरणावर बेतला तर मापे आणि निर्णय यांचा मेळ दिसतो, म्हणून वाळून उकललेली एक शेंग घेऊ. २८ सेंटिमीटर उंचीच्या पितळी शेंगेच्या दोन फाका मधोमध दुरावल्या आहेत आणि त्यांच्यामध्ये चांदीचे एकच बी लटकले आहे. ते बी म्हणजे गळ्यात घालायचे पदक. बी काढले की रिकामी शेंग उरते, आणि रिकाम्या शेंगेला स्वतःचा अर्थ आहे, कारण बी जाणे हेच तर शेंगेचे प्रयोजन असते. अशी कल्पना सापडेपर्यंत धातूला हात लावू नये. घरटे आणि अंडे, कुलूप आणि किल्ली, खडक आणि त्यातून निसटलेला पाझर अशा जोड्या शोधाव्यात, ज्यांत एकाचे जाणे दुसऱ्याला अपुरे करत नाही.

कल्पनेबरोबर आणखी एक प्रश्न सोडवायचा असतो, तो म्हणजे दागिन्याच्या उपयोगी भागाचा. पदकाला साखळी ओवण्यासाठी कडी लागते, कर्णभूषणाला आकडा लागतो, ब्रोचला मागे पिन लागते. हे भाग दडवण्याचा प्रयत्न केला की ते शिल्पात उपरे दिसतात. त्याऐवजी प्रत्येक उपयोगी भागाला शिल्पातही एक काम द्यावे. आपल्या बियाची कडी हीच शेंगेत बियाचा देठ होईल. कर्णभूषण असते तर त्याचा आकडा वेलीचा तणावा झाला असता, आणि ब्रोच असता तर शिल्पाच्या पत्र्याला पाडलेल्या दोन छिद्रांतून त्याचीच पिन ओवून तो अडकवता आला असता, वेगळे काहीच जोडावे लागले नसते. माझ्या अनुभवात रचनेचा सर्वांत फलदायी वेळ या एका प्रश्नावर जातो, आणि तो जाऊ द्यावा.

कागद, तार आणि मेण

पहिले प्रारूप जाड कागदाचे आणि मऊ तारेचे, प्रत्यक्ष आकाराचे करावे. दागिन्याचा भाग मेणात किंवा मातीत वेगळा घडवावा आणि धातूचा होईल तेव्हा जेवढा जड असेल तेवढे वजन त्यात शिशाच्या किंवा पोलादाच्या छऱ्यांनी भरून तो दिवसभर अंगावर वागवावा. कपड्यांत अडकणारी टोके, वाकल्यावर पुढे झेपावणारे पदक, मानेला जाणवणारा भार या गोष्टी आरेखनात दिसत नाहीत, पण संध्याकाळपर्यंत निश्चित कळतात.

वजनाचा हिशेब आधीच मांडता येतो. ९२.५ टक्के शुद्धतेच्या चांदीची घनता सुमारे १०.४ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर आहे, तांब्याची ८.९६, पितळेची साधारण ८.५, टायटॅनियमची ४.५ आणि ॲल्युमिनियमची २.७. आपले बी ३४ मिलिमीटर लांब, १८ रुंद आणि १२ जाड आहे. ते भरीव केले तर सुमारे ४० ग्रॅम भरते, आणि ०.७ मिलिमीटरच्या पत्र्यातून पोकळ केले तर जेमतेम १० ग्रॅम. पदक म्हणून ४० ग्रॅम सोसता येतात, पण हेच बी कानात घालायचे असते तर १० ग्रॅमसुद्धा अनेकांच्या कानाच्या पाळीला जड झाले असते.

धातूंची निवड

शिल्पाचा धातू रंगासाठी आणि बळासाठी निवडता येतो, दागिन्याचा मात्र त्वचेसाठी निवडावा लागतो. तांबे आणि पितळ घामाशी संयोग पावून त्वचेवर हिरवट डाग सोडतात. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी अजिबात नसते, निकेल मात्र भरपूर असते, आणि निकेलची ॲलर्जी अनेकांना असते. युरोपीय संघाच्या नियमानुसार त्वचेशी दीर्घकाळ संपर्कात राहणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमहून अधिक निकेल सुटता कामा नये, आणि टोचलेल्या छिद्रात घालायच्या भागासाठी ही मर्यादा ०.२ मायक्रोग्रॅम आहे. कानात किंवा नाकात जाणारा भाग टायटॅनियमचा, नायोबियमचा किंवा चांगल्या कसाच्या सोन्याचा ठेवणे सर्वांत सुरक्षित.

जस्ताचा मुलामा दिलेले पोलाद कधीही तापवू नये, कारण त्यातून निघणारा धूर विषारी असतो. कॅडमियम असलेला डाखही वर्ज्य मानावा. शिसे असलेला मऊ डाख चांदीच्या कामाजवळ फिरकूसुद्धा देऊ नये, कारण त्याचा एखादा कण चांदीवर राहून गेला आणि ती पुढे लाल होईपर्यंत तापली, तर शिसे चांदीत शिरून खड्डे पाडते. मऊ डाखाच्या आणि चांदीच्या कामांच्या कानशी आणि डाख लावण्याच्या विटा वेगवेगळ्या ठेवाव्यात.

आधी बी

पोकळीचा आकार ठरल्यावर धातूतले काम दागिन्यापासून सुरू करावे. शरीराच्या मापांत तडजोड होत नाही, शिल्पाच्या मापांत होऊ शकते. अंगठी असेल तर पट्टीची लांबी आतला व्यास अधिक पत्र्याची जाडी, गुणिले ३.१४१६ अशी काढावी. १७ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या आणि १.५ मिलिमीटर जाडीच्या अंगठीला ५८.१ मिलिमीटर पट्टी लागते. पट्टी रुंद असेल तर माप थोडे सैल ठेवावे, कारण रुंद अंगठी बोटावर घट्ट बसते.

आपल्या बियासाठी चांदीच्या पत्र्याचे दोन लंबगोल तुकडे कापावेत. करवतीचे पाते असे निवडावे की पत्र्याच्या जाडीत किमान दोन-तीन दात मावतील, अन्यथा दात अडकून पाते तुटते. कठीण लाकडाच्या ठोकळ्यात बियाच्या अर्ध्या आकाराचा खड्डा कोरून त्यात पत्रा गोल तोंडाच्या हातोडीने कडेकडून मध्याकडे बसवत न्यावा. ठोकल्याने चांदी कडक होत जाते. हे हाताला कळण्याआधी कानाला कळते, कारण हातोडीचा बोदा आवाज खणखणीत होऊ लागतो. त्या क्षणी थांबून पत्रा तापवून नरम करावा. मंद उजेडात चांदीवर फिकट लाली दिसली, म्हणजे साधारण ६०० ते ६५० अंश सेल्सिअस झाले, की ज्योत बाजूला घ्यावी, लाली मावळू द्यावी आणि मग पाण्यात बुडवावे. उजेड जास्त असेल तर ही लाली दिसत नाही आणि चांदी सुमारे ८०० अंशांवर वितळू लागते, म्हणून डाखाची जागा थोडी अंधारी ठेवणे फार उपयोगाचे असते.

दोन्ही अर्ध्या भागांच्या कडा काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर गोलगोल घासून पूर्ण सपाट कराव्यात. उजेडासमोर धरल्यावर सांध्यातून फट दिसता कामा नये, कारण डाख फट भरत नाही. जुळवण्यापूर्वी एका अर्ध्या भागाच्या मागच्या बाजूला, देठाखाली, १ मिलिमीटरचे छिद्र पाडावे. हे छिद्र विसरू नये. बंद पोकळीतली हवा तापून फुगते आणि डाख देताना वस्तू फुटू शकते. सांध्याला टाकणखार लावून जास्त आचेवर वितळणाऱ्या हार्ड डाखाने जोड द्यावा, आणि देठाची कडी नंतर त्याहून कमी आचेवर वितळणाऱ्या मीडियम डाखाने लावावी, म्हणजे दुसऱ्या वेळच्या आचेने पहिला सांधा सुटत नाही. सर्वांत कमी आचेवर वितळणारा ईझी डाख दुरुस्तीसाठी राखून ठेवावा.

डाखानंतर काळपटपणा घालवण्यासाठी वापरलेले आम्लाचे द्रावण त्या छिद्रातून आत शिरते. दागिना सोड्याच्या पाण्यात उकळून, पाण्यात खळबळून आणि पूर्ण वाळवूनच पुढे न्यावा. आम्लात लोखंडी चिमटा घालू नये, तांब्याचा किंवा प्लास्टिकचा वापरावा, नाहीतर चांदीवर तांब्याचा थर चढतो. द्रावण करताना नेहमी पाण्यात आम्ल ओतावे, आम्लात पाणी ओतू नये.

कडीचा आतला व्यास ५ मिलिमीटर ठेवला तर साखळीचे टोक सहज पार होते. ती बियाच्या टोकाशी, वजनाच्या मध्यरेषेवर बसवावी, कारण जरा पुढे सरकली तरी पदक छातीवरून पुढे झुकते. ब्रोचलाही हाच न्याय लागू होतो. त्याची पिन मागच्या बाजूच्या वरच्या तिसऱ्या भागात असावी, मध्यावर लावली तर ब्रोच कपड्यावर तोंड खाली घालतो.

मग शेंग

शेंगेच्या प्रत्येक फाकेसाठी १ मिलिमीटर जाडीचा, २८ सेंटिमीटर लांब आणि मध्यावर ८ सेंटिमीटर रुंद असा पानाच्या आकाराचा पितळी पत्रा घ्यावा. वाळूच्या कातडी पिशवीवर लाकडी मोगरीने त्याला खोली द्यावी आणि नंतर पॉलिश केलेल्या लोखंडी खुंटावर, गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने हलके ठोके एकमेकांना लागून देत पृष्ठभाग एकसारखा करावा. पितळ चांदीपेक्षा लवकर कडक होऊन रुसते. दोन-तीन फेऱ्यांनंतर ते नरम करावे, आणि नरम केल्यावर लाली पूर्ण गेल्याशिवाय पाण्यात टाकू नये, नाहीतर भेगा पडतात. अशा मोठ्या पत्र्याला छोटी ज्योत पुरत नाही, एक टोक तापेपर्यंत दुसरे थंड होते, त्यामुळे रुंद आणि मऊ ज्योत सतत फिरवत ठेवावी.

दोन्ही फाका खाली आणि वर, टोकांशी जोडाव्यात. इथे मी डाखापेक्षा रिबीट पसंत करतो, कारण एवढ्या आचेने आधी साधलेला आकार बिघडू शकतो, शिवाय रिबीटची डोकी शेंगेच्या गाठींसारखी दिसतात. २ मिलिमीटरच्या पितळी तारेसाठी छिद्र इतके नेमके असावे की तार दाबूनच आत जाईल, आणि दोन्ही बाजूंना तार तिच्या व्यासाच्या साधारण निम्म्याने बाहेर ठेवावी. तेवढ्या धातूत डोके पुरते बसते आणि तार वाकत नाही.

फाकांमधले अंतर ठरवताना बोटांचा विचार करावा. बी १८ मिलिमीटर रुंद आहे, त्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठा आणि तर्जनी आत जायची तर प्रत्येकी निदान १५ मिलिमीटर मोकळे हवेत. म्हणजे मध्यावर सुमारे ५० मिलिमीटरचे उघडे तोंड लागते. आरेखनात ते जास्त वाटते आणि मन ते कमी करू पाहते. करू नये. दागिना काढताना नखांनी खरवडावे लागले तर तो हळूहळू तिथेच राहतो आणि कुणी घालत नाही.

बैठक : दोन्हींचा जोड

या प्रकारच्या कामात सगळ्यांत नाजूक भाग हाच आहे. दागिना शिल्पात घट्ट राहावा, एका हाताने सुटावा, परत ठेवताना जागा शोधावी लागू नये आणि दोन्हींवर ओरखडा उमटू नये, या चारही अटी एकदम पाळायच्या असतात. शक्य तिथे गुरुत्वाकर्षणावर विसंबावे. आपल्या शेंगेत मागच्या फाकेच्या वरच्या भागात १.६ मिलिमीटरच्या पितळी तारेचा वर वळलेला एक आकडा रिबीट करून बसवला आहे. बियाची कडी त्यावर लटकते आणि बियाची पाठ खाली दोन बुटक्या उंचवट्यांना टेकते, त्यामुळे ते डुलत नाही. बियाचे खालचे टोक जरासे पुढे ओढून ते ६ मिलिमीटर उचलले की सुटते. झिजायला किंवा ढिले पडायला स्प्रिंग, चुंबक, आटे यांपैकी काहीच नाही.

दाबून बसणारी पकड निवडली तर एक हिशेब जरूर करावा. पकड सोडवायला लागणारे बळ शिल्पाच्या वजनापेक्षा जास्त असेल, तर वर ओढताना दागिन्याबरोबर सगळे शिल्प उचलले जाते आणि मग दुसऱ्या हाताने ते धरून ठेवावे लागते. माझ्या सुरुवातीच्या एका कामात असेच झाले होते, आणि ते दुरुस्त करण्यासाठी मला पूर्ण बैठक कापून काढावी लागली. खाचेत बसणाऱ्या भागांत ०.२ ते ०.३ मिलिमीटरची ढील ठेवावी, आणि ती पॉलिश झाल्यानंतरच्या मापांवरून मोजावी.

मळसूत्राचा जोड भक्कम असतो, पण दागिना जिथे घट्ट होतो तिथेच थांबतो, त्यामुळे समोरची बाजू समोर येईल याची खात्री नसते. म्हणून तो गोल, सर्व बाजूंनी सारख्या आकारांसाठीच वापरावा. एम२ (२ मिलिमीटर व्यासाच्या स्क्रूच्या) आट्यांसाठी १.६ मिलिमीटरचे आणि एम३ साठी २.५ मिलिमीटरचे छिद्र पाडतात. चुंबक सोयीचे वाटतात, मात्र चांदी, पितळ आणि तांबे चुंबकाला चिकटत नाहीत, त्यामुळे आत पोलादाचा तुकडा बसवावा लागतो आणि तो गंजतो. सामान्य प्रतीचे निओडिमियम चुंबक ८० अंशांपलीकडे शक्ती गमावू लागतात, म्हणून ते सगळे तापकाम आटोपल्यावरच चिकटवावेत. पेसमेकर असलेल्या व्यक्तीने चुंबक असलेला दागिना छातीवर घालू नये, हे तो देताना स्पष्ट सांगितले पाहिजे.

उघडे तोंड असलेल्या कड्याबाबत एक खास सूचना. मनगटावर चढवताना ते दर वेळी थोडे फाकते, आणि दर वेळी धातू थोडा कडक होत जाऊन अखेर मधोमध तडकतो. शिल्पाच्या बैठकीने त्यात भर घालू नये. कडे न फाकवता ज्यावर सरकवता येईल अशीच बैठक त्याला द्यावी.

तोल

बी घातलेले आणि बी काढलेले अशा दोन्ही स्थितींत शिल्प उभे राहिले पाहिजे, आणि त्याला वारंवार हात लागणार आहे हे धरूनच पाया ठरवावा. आपल्या दोन फाकांचे वजन साधारण २५० ग्रॅम होते. ३ सेंटिमीटरच्या देठावर ती शेंग ७ सेंटिमीटर व्यासाच्या पितळी चकतीवर उभी केली आणि चकती ३ मिलिमीटर जाड घेतली, तर गुरुत्वमध्य सुमारे १२.५ सेंटिमीटरवर येतो आणि शिल्प १५-१६ अंश कलताच पडते. तीच चकती १२ मिलिमीटर जाड घेतली की तिचेच वजन ३९० ग्रॅमच्या आसपास होते, गुरुत्वमध्य सुमारे ७.४ सेंटिमीटरपर्यंत उतरतो आणि शिल्प २५ अंशांपर्यंत सावरून घेते. शेंग एका बाजूला झुकलेली असेल तर हा कोन त्या बाजूने कमी होतो, म्हणून चकती त्या दिशेला सरकवावी.

रंग आणि शेवटचा हात

पॉलिश पेपर २२० पासून ४००, ६०० असे चढत १२०० पर्यंत न्यावेत, आणि प्रत्येक टप्प्यावर घासण्याची दिशा बदलावी म्हणजे आधीचे ओरखडे राहिलेले दिसतात. बियाला चकाकी द्यावी. शेंगेच्या आतल्या बाजूला मात्र गडद रंग द्यावा, कारण उजळ बी गडद पोकळीत उठून दिसते, आणि बी गेल्यावर पोकळी आणखी खोल वाटते. चांदी आणि तांबे सल्फ्युरेटेड पोटॅश या गंधकयुक्त रसायनाने सहज काळवंडतात, पितळ त्याला फारसे दाद देत नाही, म्हणून पितळेसाठी वेगळे मिश्रण आधी तुकड्यावर करून पाहावे. अमोनियाच्या वाफेने येणारा निळा-हिरवा थर सुंदर असतो, पण तो भुकटीसारखा सुटतो. जिथे दागिना टेकतो तिथे तो नकोच. रंगावर मेणाचा पातळ हात फिरवून मऊ फडक्याने पुसावे. मोती, ओपल किंवा फिरोजा बसवायचे असतील तर आच, आम्ल आणि रंग ही सगळी कामे संपल्यावरच ते बसवावेत.

बैठकीला अस्तर लावायचा मोह झाला तर लोकरीचा नमदा आणि रबर टाळावे. दोन्हींतून गंधकाची संयुगे सुटतात आणि चांदी काळी पडते. आकड्याचे टोक नीट गोल करून आरशासारखे पॉलिश केले तर बहुधा अस्तराची गरजच राहत नाही.

शेवटी बी डोळे मिटून ५० वेळा काढावे आणि ठेवावे. त्यानंतर कडीची आतली बाजू, आकड्याचा वरचा भाग आणि दोन्ही उंचवटे भिंगाखाली पाहावेत. जिथे चकचकीत रेघ उमटली असेल तिथे धातू धातूला कापतो आहे. ती जागा कानशीने मोडून पुन्हा पॉलिश करावी आणि पुन्हा ५० वेळा करून पाहावे. रेघ उमटणे थांबले की बी साखळीत ओवून एक पूर्ण दिवस गळ्यात घालावे आणि तेवढा वेळ रिकामी शेंग नजरेसमोर ठेवावी.